चीविताच्या पुलावर



परदेशातून आलं की आपल्यातल्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खाण्याचं काय केलंत?" म्हणून ते आधी सांगून टाकते. घरातून निघताना दशम्या, लसूण नसलेलं भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घेतलं होतं. पाणी गाळायचं फडकं पर्समध्येच होतं. मुलगा नोकरीनिमित्त रोममध्ये राहतो, त्यामुळे स्वयंपाकघर हाताशी होतं आणि सूनबाईंनी डाळ-तांदूळ भरून ठेवलेले होते. बाहेर खायची वेळ आली तर इटालियनचे दोन शब्द पाठ करून ठेवा : 'सेंझा आल्यो' म्हणजे लसूण नको, आणि 'सेंझा चिपोल्ला' म्हणजे कांदा नको. कोरडा पास्ता बहुतेक नुसता गव्हाचा असतो, पण ताजा म्हणून देतात त्यात अंडं असण्याची शक्यता फार. आणि चीज! पार्मेजान आणि पेकोरिनो ही तिथली दोन्ही नावाजलेली चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं विरजण घालून बनवतात. दूधच तर आहे म्हणून आपण निर्धास्तपणे खातो. मी पहिल्या दिवशी एक घास घेतला होता. सूनबाईंनी नंतर सांगितलं तेव्हा मी त्या दिवशी रात्रीपर्यंत काही खाल्लं नाही आणि घरी आल्यावर महाराजांकडून प्रायश्चित्त घेतलं.

एक गोष्ट मात्र सोयीची झाली. मे महिन्याच्या अखेरीस तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. आयुष्यभर घड्याळाकडे बघत पावणेसहाला कुकर लावणारी मी, तिथे आठ वाजता निवांत जेवत होते. आमचे हे म्हणाले, "रात्रीभोजन त्यागाचा नियम पाळायला हा देश बरा दिसतोय." डिसेंबरात आलात तर पाचच्या आत जेवावं लागेल, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. रोम, व्हॅटिकन, फ्लॉरेन्स हे सगळं बघितलं, पण त्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचं आहे ते चीविता नावाच्या एका एवढ्याशा गावाबद्दल. मुलाने सकाळीच सांगितलं, "आई, आज तुला एक मध्ययुगीन गाव दाखवतो, डोंगरावरचं." मी मनात म्हटलं, डोंगरावरची गावं मला काय दाखवतोस, पन्हाळा बघतच मोठी झाले मी. पण गेले.

रोमहून सव्वा तासाभरात रेल्वेने ओर्व्हिएतोला पोचलो. हे गावही उंच कड्यावरच आहे. स्टेशन खाली आणि गाव वर, मध्ये दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी. तिथली एक विहीर मी विसरणार नाही. १५२७ साली रोमवर सैन्य चालून आलं, शहर लुटलं गेलं, आणि पोप सातवे क्लेमेंट जीव वाचवून ओर्व्हिएतोला आले. उद्या इथेही वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं, म्हणून त्यांनी कड्यात विहीर खोदायला लावली. खोली सुमारे ५३ मीटर. गंमत अशी की तिला दोन जिने आहेत, एकमेकांभोवती पिळासारखे फिरणारे, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. खेचरं एका जिन्याने उतरायची, पाणी भरून दुसऱ्याने चढायची, वाटेत समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. मी थोड्या पायऱ्या उतरून परत फिरले, गुडघ्यांनी स्पष्ट नकार दिला. आमचे हे तळापर्यंत गेले आणि संध्याकाळपर्यंत तेच सांगत राहिले.

ओर्व्हिएतोहून बान्योरेजोला बस जाते. या रस्त्यावरचा मुलूख बघत बसावा असा. गहू पिवळा पडायला लागला होता आणि शेतात मध्येच तांबडीभडक पॉपीची फुलं. आपल्याकडे शेतात तण दिसलं की हात शिवशिवतात, तिथे लोक त्याचे फोटो काढतात. उतारावर द्राक्षं, त्याच्या वर ऑलिव्हची राखी हिरवी झाडं, आणि ओसाड जागी पिवळ्या फुलांची झुडपं. चढउतार सगळे गोलसर, मऊ. पण बान्योरेजो जवळ आलं तसा मुलूख एकदम बदलला. डावीकडे दरी उघडली आणि तिच्यात पांढरट करड्या मातीच्या उभ्या धारदार कडा दिसायला लागल्या, उपाशी जनावराच्या बरगड्यांसारख्या. त्यांना तिथे कालांकी म्हणतात. निव्वळ चिकणमाती आहे ती. प्रत्येक पावसात थोडी वाहून जाते.

बान्योरेजोतून चालत पुढे गेलं की रस्ता संपतो आणि समोर चीविता दिसतं. दरीच्या मधोमध एक सुटा खडक उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर दगडी घरं, कौलं आणि एक चौकोनी घंटाघर. इकडच्या डोंगराशी त्याला जोडणारा फक्त एक पादचारी पूल, तीनेकशे मीटर लांबीचा. हा सिमेंटचा पूल १९६५ सालचा. गाडी जात नाही. गावातल्या दुकानांचं सामान छोट्या तीनचाकी गाड्यांवरून जातं, पूर्वी गाढवांवरून जायचं.

गाव कसं झालं आणि कसं जातंय ते थोडक्यात सांगते. अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी ते वसवलं. वरचा थर ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचा, त्याला तूफो म्हणतात. कापायला सोपा, त्यात तळघरं कोरता येतात. पण त्याच्या खाली तीच चिकणमाती. दोन्ही बाजूंनी दोन ओढे ती माती पोखरत आले, माती सरकली की वरचा दगड तडकतो आणि कडेची घरं दरीत जातात. १६९५ साली मोठा भूकंप झाला, तेव्हा बरेचसे लोक सरळ पलीकडच्या बान्योरेजोत राहायला गेले. बोनाव्हेंतुरा तेक्की नावाच्या तिथल्याच लेखकाने त्याला 'मरत चाललेलं गाव' म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. आता कायम राहणारी माणसं डझनभर असतील नसतील. बघायला मात्र वर्षाला लाखो लोक येतात. २०१३ पासून पुलाच्या तोंडाशी तिकीट आहे, सुरुवातीला दीड युरो होतं, आम्ही पाच दिले. त्या उत्पन्नावर बान्योरेजोच्या नगरपालिकेने आपल्या रहिवाशांचे स्थानिक करच माफ केले. मरणाऱ्या गावाने जिवंत गावाचा कर भरायचा, हा हिशेब मला काही केल्या पचेना. मी १९८० सालची बी.कॉम. आहे, जमाखर्चाची सवय सुटत नाही.

पूल शेवटी शेवटी चांगलाच चढतो. मी कठड्याला धरून हळूहळू चालले होते. हे आणि नातू पुढे गेले, सूनबाई त्यांच्या मागे. मुलगा माझ्याबरोबर थांबला. खाली दोन्ही बाजूला दरी, वारा असा की पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट. मध्यावर मी दम खायला थांबले आणि समोर बघून सहज म्हणाले, "हे लोक एवढं गाव टिकवतात, आणि आपल्याला एक वाडा टिकवता येईना."

मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, तू दर वेळी विचारत नाहीस पण तुझ्या मनात असतं. मी सांगून टाकतो. मी वाड्यात राहायला परत येणार नाही. भारतात आलो तरी पुण्यात, नाहीतर बेंगळुरात. तू माझ्यासाठी म्हणून तो ठेवू नकोस."

पुलाच्या मधोमध ऐकलं मी हे. पुढे जायचं तर चढ आणि मागे फिरायचं तर सगळे पुढे गेलेले. राग आला. खरं सांगते, पाच युरो खर्चून हे ऐकायला आणलंस का मला, असंच तोंडावर आलं होतं. पण वारा होता, आणि त्याचेही डोळे भरले होते, म्हणून मी "चल, ते लोक वाट बघतायत" एवढंच म्हणाले.

आमच्या वाड्याबद्दल तुमच्यातल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. सोपा, माडी, मागे परडं, आणि मधल्या खोलीत देवखोली. तिथे पार्श्वनाथांची वीतभर पंचधातूची मूर्ती, आजेसासऱ्यांच्या वेळी पंचकल्याणकात प्रतिष्ठा करून आणलेली. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात माझा हात धरून सांगितलं होतं, "अभिषेक चुकवू नको." आम्ही जयसिंगपुरात राहायला आल्यावर मी रोज जाऊ शकत नव्हते, म्हणून गावच्या बस्तीतल्या उपाध्यांना महिन्याला पैसे देऊन आमच्याकडचाही अभिषेक लावून दिला. २०१९ च्या महापुरात सोप्यात पुरुषभर पाणी होतं. चुलत दिरांनी सोवळ्यात मूर्ती डोक्यावर घेऊन बोटीतून बाहेर काढली. पाणी ओसरल्यावर परत नेऊन ठेवली, पण मागची मातीची भिंत तेव्हा खचली ती खचलीच. २०२१ ला पुन्हा पाणी. हे म्हणत होते की विकून टाकू. मी म्हणत होते की मुलाला विचारू. आणि मुलाला कधी विचारलंच नव्हतं. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न लांबवतो.

चीविताच्या वेशीत दगडी कमान आहे. तिच्यावर दोन सिंह कोरलेत आणि त्यांच्या पंजाखाली माणसांची मुंडकी. एका जुलमी घराण्याविरुद्ध गावाने केलेल्या उठावाची ती खूण. मला बघवेना. आत गेलं की मात्र सगळं शांत. अरुंद बोळ, बाहेरून चढणारे दगडी जिने, प्रत्येक पायरीवर फुलांच्या कुंड्या आणि प्रत्येक उन्हाच्या तुकड्यात एक मांजर. नातवाने चौदा मोजली, पण त्यातली काही दोनदा मोजली असावीत. मधोमध चौक आहे, फरशी न घातलेला, आपल्या गावच्या चावडीपुढे असतो तसा मोकळ्या मातीचा. चौकात सान दोनातोचं चर्च आहे, दारात रोमन काळातल्या खांबांचे बुंधे. जून आणि सप्टेंबरात या चौकात गाढवांची शर्यत लावतात म्हणे. बरं झालं आम्ही मे महिन्यात गेलो.

दुपारी एका ओट्यावर बसून आम्ही डबा सोडला. समोरच्या खाणावळीतून भाजलेल्या पावावर लसूण घासल्याचा वास येत होता, पण आमच्या दशम्यांपुढे कुणाचं लक्ष गेलं नाही. शेजारच्या दारात एक आजीबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी त्यांना दशमी पुढे केली. त्यांनी तुकडा मोडून घेतला, खाल्ला, आणि दोन्ही हात हलवत काहीतरी भरभरून बोलल्या. सूनबाईंना थोडं इटालियन येतं. त्यांनी सांगितलं की आजीबाई इथल्या नाहीतच, त्या राहतात पुलापलीकडे बान्योरेजोत. हे घर त्यांच्या आईचं. रोज सकाळी येतात, कुंड्यांना पाणी घालतात, दारं उघडतात, संध्याकाळी बंद करून जातात. मुलं रोमला आणि मिलानला. मी विचारायला सांगितलं, तुमच्यानंतर? आजीबाईंनी खांदे उडवले आणि पुन्हा झारी उचलली.

मला एकदम आमचे उपाध्ये आठवले. सकाळी कुलूप काढायचं, अभिषेक करायचा, कुलूप लावायचं.

गावाच्या कडेला एक जागा आहे, संत बोनाव्हेंतुरांच्या घराची. तेराव्या शतकात ते या गावात जन्मले. घर केव्हाच दरीत गेलं, उरली आहे ती थोडी जागा आणि एक पाटी. आख्यायिका अशी की हा मुलगा लहानपणी फार आजारी होता आणि असिसीच्या संत फ्रान्सिसांच्या कृपेने वाचला. पुढे त्यांनीच फ्रान्सिसांचं चरित्र लिहिलं. फ्रान्सिसांची एक हकीगत सूनबाईंनी तिथे उभ्या उभ्या सांगितली. ते कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचे चिरंजीव. वडिलांशी वाद झाला तेव्हा भर लोकांत, बिशपांसमोर, त्यांनी अंगावरचे सगळे कपडे उतरवून वडिलांच्या पुढे ठेवले आणि उघडे निघून गेले. सूनबाई सांगत होत्या आणि माझ्या अंगावर काटा आला. आपण दीक्षेला हजारोंच्या गर्दीत उभं राहून काय बघतो? हेच. धर्म वेगळा, देश वेगळा, आहारविहार तर पूर्णच वेगळा, आणि आपल्या मुनींच्या त्यागाशी त्याची तुलना करायचा माझा अधिकार नाही. पण कापडाच्या पेढीवरचा मुलगा कापडच सोडतो, हे व्यापारी घरातल्या बाईला कळतं. मनात आलं, शांतिसागर महाराजांनी भोजचं घर सोडलं तेव्हा मागे वळून बघितलं नसेल. आपण श्रावक मात्र त्यांनी सोडलेली घरं दाखवायला पाट्या लावतो.

दुसरं असंही मनात आलं, की नुसता त्याग झाला असता तर हे गाव राहिलं नसतं. कुणीतरी खडकाला आधार दिला, पूल बांधला, कौलं बदलली. ओढ असणारी माणसं होती म्हणून ते उभं आहे. तेव्हा कुणाचं बरोबर? मला अजून सांगता येत नाही.

कॉलेजात आम्हाला घसारा काढायला शिकवला होता. एक सरळ रेषा पद्धत, तिच्यात दरवर्षी सारखी रक्कम वजा होते आणि ठरलेल्या वर्षांनी मालमत्ता शून्य होते. दुसरी घटत्या शिलकीची. दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी काढायची. आमच्या सरांनी फळ्यावर दाखवलं होतं की या पद्धतीत किंमत कमी कमी होत जाते पण शून्य कधीच होत नाही. मला ती फार आवडायची. चीविता मला त्या पद्धतीने चालल्यासारखं वाटलं. आणि वाड्याचा हिशेब मी इतकी वर्षं त्याच पद्धतीने ठेवत होते, हेही तिथेच लक्षात आलं.

परतताना पुलावर उतार होता, तरी मी मुलाचा हात धरला. म्हणाले, "वाड्याचं जाऊ दे. देवाचं काय?" तो म्हणाला, "देव बस्तीत गेला तर तुला चालेल का?" मी म्हटलं, "मला चालण्याचा प्रश्न नाही. प्रतिष्ठा झालेली मूर्ती अपूज्य ठेवता येत नाही." तो म्हणाला, "मग जिथे पूजा करणारी माणसं आहेत तिथेच ती पाहिजे ना, आई?" त्याने फार शहाणपणाचं सांगितलं असं नाही. हेच हे मला तीन वर्षं सांगत होते. पण नवऱ्याचं आणि मुलाचं ऐकण्यात फरक असतो. ह्यांनी हे वाक्य वाचलं की दोन दिवस बोलायचे नाहीत.

संध्याकाळी बसची वाट बघत असताना मागे वळून पाहिलं तर ऊन फक्त चीविताच्या माथ्यावर होतं आणि दरी सगळी निळसर झाली होती. उरलेल्या दशम्या आम्ही तिथेच संपवल्या, सूर्य अजून वर होता.

घरी आल्यावर चातुर्मास लागायच्या आत करायचं ठरवलं. आषाढात एक चांगला दिवस बघून देवखोलीत शेवटचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, उसाचा रस, सर्वौषधी, चंदन, सगळं साग्रसंगीत. जाऊबाई आल्या होत्या, चुलत दीर होते, गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या आल्या होत्या, ज्यांनी सासूबाईंबरोबर इथे शांतिधारा बघितल्या होत्या. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. पण मूर्ती उचलल्यावर खाली चौरंगावर चंदनाचा पिवळा गोल डाग दिसला, साठ-सत्तर वर्षांचा, आणि मग काही इलाज चालला नाही. ह्यांनी मूर्ती डोक्यावर घेतली. पाऊस भुरभुरत होता, दिरांनी वर छत्री धरली. वाड्यापासून बस्ती दोनशे पावलांवर आहे. चालायला मात्र वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येक दारात बायका आरती घेऊन उभ्या होत्या. वाड्यात इतक्या बायका मी कित्येक वर्षांत एकत्र बघितल्या नव्हत्या.

बस्तीत उपाध्यांनी डावीकडच्या वेदीवर जागा करून ठेवली होती. मुलाने फोनवरून सगळं बघितलं. तिथे पहाट होती, नातू अर्धवट झोपेत हात जोडून बसला होता. पूजा झाल्यावर विश्वस्तांनी वही काढली आणि नोंद केली : पार्श्वनाथ, पंचधातू, उंची एक वीत, आमच्या घराण्याचं नाव, तारीख. मी डोकावून बघितलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून घेतल्या. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, वाड्याची चावी पण इथेच ठेवताय का?"

मी म्हटलं, "नाही, ती राहू दे माझ्याकडे."